आंब्याचा दांडा

१९५७ सालची गोष्ट. नायगावच्या बी.डी.डी. चाळींच्या भिंतींवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ इतक्या वेळा लिहून झालं होतं, की कुणाला नवीन काही लिहायचं म्हटलं तर जागा उरली नव्हती. त्याच वर्षी श्रावणात कोंडीरामनं घरात जाहीर केलं, की तो घर बांधणार आहे.

"कुठं?" बकुळानं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

"चाकांवर."

"चाकांवर बांधा नाहीतर डोक्यावर बांधा. आधी दळण आणा."

कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. सुताची त्याला चांगली पारख होती, आणि माणसाला एका गोष्टीची पारख असली की सगळ्याच गोष्टींची आहे असं त्याला वाटायला लागतं, तसं त्याचं झालं होतं. पण घर बांधायचं खूळ उगीच निघालेलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. त्याची आई, सुंदराबाई, तेव्हा तापानं फणफणली होती, म्हणून ती मागं राहिली. पुढं डिसेंबरात तिनं दादरला दीक्षा घेतली; पण नागपूरची ती जमीन बघायची राहिली, ही टोचणी तिला होती. "पुढच्या दसऱ्याला नेतो, आये," असा शब्द कोंडीरामनं दिला होता. आणि दसरा आता जवळ आला होता.

अडचण एकच होती. सुंदराबाई म्हणायची, "मी यीन. पन कुनाच्या ओट्यावर, कुनाच्या धर्मशाळंत झोपायची न्हाई."

याला कारण होतं. नवी नवरी असताना ती नवऱ्याबरोबर साताऱ्याकडून पायी निघाली होती. वाटेत पाऊस लागला म्हणून दोघं एका धर्मशाळेच्या दारात उभी राहिली. आतून पहिला प्रश्न आला तो जातीचा. ती रात्र दोघांनी बाहेर बैलगाडीखाली काढली. "आन त्या बैलानं माजं अर्धं लुगडं खाल्लं," हे ती दरवेळी शेवटी सांगायची. ऐकणारे हसायचे. ती मात्र कधी हसली नाही.

तेव्हा कोंडीरामला उपाय सापडला तो गुळाच्या पुडीत. वाण्यानं गूळ ज्या कागदात बांधला होता तो कुठल्याशा इंग्रजी मासिकाचा होता. त्यावर चित्र होतं: पुढं मोटार, मागं तिला जोडलेलं एक इवलंसं घर. पुढून गोल, मागं निमुळतं, पाण्याचा थेंब आडवा पडावा तसं. घराच्या मागचं फळकूट वर उचललेलं आणि एक गोरी बाई तिथं अंडी तळत होती. चित्राचा खालचा भाग गुळाला चिकटून फाटला होता. त्यामुळे घर मोटारीला जोडलंय कसं, हे काही कळत नव्हतं.

"हे बघ आये. घर आपल्याबरोबर. जिथं थांबू तिथं झोपायचं. कोण विचारतो जात?"

सुंदराबाईनं चित्र लांब धरून बघितलं. "झोपायला बरं हाय. पन ही बाई का रांधतीया भाईर उभ्यानं? सासूनं हाकलली जनू."

मोटारीचा प्रश्न नव्हता. बकुळाचा भाऊ बाबुराव याच्याकडे मिलिटरीनं मोडीत काढलेल्या मालातून, डिस्पोजलमध्ये, घेतलेली जीप होती. भायखळ्याच्या बाजारातून तो तिच्यातून भाजी पोचवायचा. जीप पुढं उत्तम जायची. मागं घ्यायची झाली तर कुणीतरी उतरून ढकलावी लागायची, पण नागपूरला मागं मागं थोडंच जायचं होतं? दोन चाकं आणि आस डिस्पोजलमधूनच मिळाली. राहिलं लाकूड.

"तळाची चौकट, छपराच्या कमानी आणि जीपला जोडायचा दांडा," कोंडीरामनं बोटांवर मोजत सांगितलं. "ही तीन लाकडं मजबूत पाहिजेत. बाकी पत्र्याचं केलं तरी चालेल."

रविवारी तो आणि बाबुराव रे रोडच्या वखारीत गेले. तिथं सागाच्या फळीवरून कोंडीरामनं प्रेमानं हात फिरवला आणि भाव विचारला. भाव ऐकल्यावर तोच हात त्यानं अदबीनं काढून घेतला. साग गेला. मग गरिबाला परवडणारी लाकडं कोणती, याची चर्चा चाळीच्या पायरीवर सुरू झाली आणि तिथं खरी गंमत झाली.

"आंबा घेऊ," कोंडीराम म्हणाला. "स्वस्त आहे."

"आंबा? अरं, आंबा सरनाला घालत्यात!" सुंदराबाई बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली. कारण शेजारच्या पायरीवर शिवा मास्तर बसला होता.

शिवा मास्तर चाळीत रात्रीची शाळा चालवायचा. त्याला दोन गोष्टी अजिबात सहन होत नसत: अंधश्रद्धा आणि दुसऱ्यानं केलेलं भाषण. तो उठून उभाच राहिला. "सुंदराकाकी! बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना आपण? आता हे काय?"

"घेतल्यात की! मी कुटं काय म्हनलं?" सुंदराबाईनं पदर सारखा केला. "भूतबित काय नसतं, मला ठावं हाय. मी आपलं म्हनत हुते, आंब्याला कीड लागती."

"मग चिंच?" बाबुरावनं विचारलं.

चिंचेवर काय काय राहतं हे सुंदराबाईला लहानपणापासून पाठ होतं. पण तोंडानं ती म्हणाली, "चिंच लई टणक. खिळा घ्यायची न्हाई."

"बाभूळ?"

"वाकडी असती."

मग कडुलिंब निघाला. कडुलिंब म्हणजे गावाकडची मरीआई. ते नाव आता घरात काढायचं नव्हतं. म्हणून ती म्हणाली, "कडू वास यील. डोळ्याला डोळा लागायचा न्हाई."

"मग फणस घ्या," शिवा मास्तर म्हणाला. "फणसाचा तर आपल्या धम्माशी संबंध आहे. फणसाच्या लाकडाच्या रंगात भिक्खूंची चीवरं रंगवतात, मी वाचलंय."

"अगं बाई!" सुंदराबाईनं दोन्ही हात जोडले. "मग त्याच्यावर पाय पसरून झोपायचं कसं?"

मास्तर परत खाली बसला. असा प्रसंग क्वचितच यायचा.

बाबुरावला आता चेव आला होता. "बरं, मग पिंपळ! आता काय भ्यायचं त्याला?"

"बाबुराव, तोंड सांभाळून," या वेळी मास्तरच ओरडला. "पिंपळ म्हणजे बोधिवृक्ष!"

"म्हणजे बघा," बकुळा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आधी त्याच्यावर मुंजा होता म्हणून नको. आता त्याच्याखाली भगवान बुद्ध बसले होते म्हणून नको. पिंपळाचं लाकूड काय आपल्या नशिबात नाही."

या तऱ्हेनं सह्याद्रीतली बहुतेक झाडं त्या पायरीवर नापास झाली. श्रावण संपला. भिंतीला टेकवलेल्या दोन चाकांवर गंज चढायला लागला.

सुटका झाली ती शिवडीच्या लहू कोळ्याकडून. लहू आणि कोंडीराम एका खात्यात कामाला होते. लहूच्या बापाची जुनी होडी किनाऱ्यावर पालथी पडून होती.

"घेऊन जा रं ती," लहू म्हणाला. "जलमभर पाण्यान होती, काय नाय झाला तिला. आन कमानी आयत्या वाकलेल्या!"

कोंडीरामनं होडी बघितली आणि त्याचे डोळे चमकले. पालथी होडी म्हणजे हुबेहूब त्या चित्रातलं घर! पुढं गोल, मागं निमुळतं. नुसती चौकटीवर बसवली की झालं. सुंदराबाईलाही होडी पसंत पडली. होडीवर भूत बसल्याचं साताऱ्याकडं कुणी ऐकलेलं नव्हतं.

होडी हातगाडीवरून नायगावला आली. लहूची बायको तुळसा तिच्यामागून डोळे पुसत, हळदकुंकवाची पुडी घेऊन चालत आली. शिवा मास्तरनं तिला अडवलं. "ताई, आमच्यात हे चालत नाही."

"तुमच्यान नाय चालत," तुळसा म्हणाली, "पन ती आमची हाय ना?" आणि मास्तरच्या खांद्यावरून हात घालून तिनं होडीच्या टोकाला कुंकू लावलंच.

होडीच्या जाड लाकडांचीच चौकट झाली. एका बाजूला खिडकी कापली, दुसऱ्या बाजूला दार. सगळं जमलं, फक्त जीपला जोडायचा दांडा राहिला. तो लांब आणि सरळ पाहिजे होता.

"होडीन सरळ काय नसतं," लहूनं खांदे उडवले.

दसरा तोंडावर आला होता. कोंडीराम शिवा मास्तरला घेऊन पुन्हा रे रोडला गेला. परवडेल असं लांब, सरळ लाकूड वखारीत एकच होतं, आणि ते आंब्याचं होतं.

"घे," मास्तर म्हणाला. "खुशाल घे. या दांड्यानं नुसतं घर नाही ओढायचं, कोंडीराम, आपला समाज ओढायचा आहे!"

"पण आये?"

"डांबर फास. काळ्या रंगाखाली सगळी लाकडं सारखी."

दांडा डांबर फासूनच चाळीत आला. सुंदराबाईनं त्याच्यावर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, "कशाचा?"

"मजबूत आहे," कोंडीराम म्हणाला. तो आईशी खोटं बोलत नसे.

मग पाऊस उघडला आणि भाद्रपदाचं ऊन पडलं. होडीला कोळी लोक दर वर्षी माशाचं तेल पाजतात, हे चाळीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कित्येक वर्षं पाजलेलं ते तेल उन्हानं तापलं आणि लाकडातून पाझरायला लागलं. नायगावात एकूण मांजरं किती, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात कळलं. छपरावर मांजरं, चाकांवर मांजरं. एक पिवळी मांजर तर आत जाऊन सुंदराबाईच्या अंथरुणावर व्याली.

लहूला बोलावून आणलं. त्यानं छपराला नाक लावून दीर्घ श्वास घेतला. "कसला वास? मना तं काय येत नाय." मग त्यानं तुळसाला हुंगायला लावलं. तिलाही काही आला नाही.

"आये, हे काही जमायचं नाही," कोंडीराम रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुला शब्द दिला, पण तो..."

"का जमायचं न्हाई?" सुंदराबाई पिलांना टोपलीत भरत होती. "वास येतोय तर यीऊ दे. एवड्या वासात जवळ यीऊन जात तरी कोन इचारंल?"

निघायच्या दिवशी सकाळी सगळी चाळ खाली उतरली. जीपमध्ये बाबुराव आणि कोंडीराम बसले, मागच्या घरात सुंदराबाई आणि बकुळा. जीपच्या मागं घर, घराच्या मागं मांजरं, आणि मांजरांच्या मागं टाळ्या वाजवणारी पोरं, अशी ती मिरवणूक नायगावातून निघाली आणि दादर ट्राम टर्मिनसजवळ समोरून येणाऱ्या दुसऱ्या मिरवणुकीत घुसली.

ती संयुक्त महाराष्ट्र समितीची होती. झेंडे, घोषणा, हजारो माणसं. बाबुराव म्हणाला, "मागं घेऊ?" आणि मग त्यालाच आठवलं, की जीप मागं जात नाही.

लोकांना वाटलं, हा मोर्चातलाच चित्ररथ आहे. फक्त कशाचा, यावर एकमत होईना.

"पगडी आहे ती," एक जण म्हणाला.

"नारळ आहे. दिल्लीवाल्यांना देणार."

"वास बघ की. कोळीवाड्याचा रथ हाय!"

गर्दीतून शिवा मास्तर धावत आला. तो मोर्चाबरोबरच चालत होता, आणि सकाळपासून त्याला कुणी बोलायला दिलं नव्हतं. समोर उंच जागा बघून त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला. "कोंडीराम, पाचच मिनिटं!" म्हणत तो छपरावर चढला. त्याच्यामागून झेंडा घेतलेले आणखी चौघं चढले.

"मास्तर, दांडा!" कोंडीराम ओरडला. पण घोषणांपुढं त्याचा आवाज कुठला पोचायला?

"बंधूंनो आणि भगिनींनो!" मास्तरनं सुरुवात केली. "आज आपण इथं कशासाठी जमलो आहोत?"

घराच्या आतून छपरावर पळीचे ठोके पडले. "कोन नाचतंय रं वर?"

मोर्चा हसला. मास्तरला वाटलं, भाषण रंगतंय. त्यानं आवाज चढवला. "आपली मागणी काय आहे?"

"खाली उतर!" आतून आवाज आला.

"आपण कुणाला घाबरतो का?"

"मुडद्या, पिलं घाबरल्यात हितं!"

आता ट्रामसुद्धा थांबल्या होत्या. लोक पोट धरून हसत होते. मास्तरनं शेवटचा उपाय म्हणून मूठ आवळली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." म्हटलं, आणि समोरून हजारो गळ्यांतून "झालाच पाहिजे!" आलं तेव्हा छपरावरच्या पाचही जणांनी एकदम उडी मारली.

दांडा कडाडून मोडला.

घराचं पुढचं टोक वर गेलं, मागचं खाली बसलं. उन्हानं तापलेल्या, तेलानं न्हालेल्या त्या निमुळत्या छपरावरून मास्तर आणि त्याचे चार सोबती, झेंड्यासकट, एका पाठोपाठ एक घसरत खाली आले. मांजरांनी त्यांचं स्वागत केलं. जीप मात्र मोकळी झाल्यामुळं आनंदानं चार हात पुढं गेली.

कुणाला काही लागलं नाही. सुंदराबाई पिलांची टोपली घेऊन बाहेर आली, मागोमाग बकुळा. मोडलेल्या दांड्यापाशी जाऊन ती खाली बसली. तुटलेल्या टोकातून पिठासारखा भुसा गळत होता. तिनं तो चिमटीत धरून बघितला.

"आंबा?" तिनं विचारलं.

कोंडीरामनं मान खाली घातली.

"मी काय म्हनलं हुतं?"

"कीड लागते म्हणाली होतीस," कोंडीराम पुटपुटला.

सुंदराबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू असं नवल पसरलं, की जणू तिला पहिल्यांदाच काहीतरी कळलं. तिनं मास्तरकडे बघितलं. तो सदऱ्याचं तेल पिळत होता. "मास्तर, आवो, खरंच लागती की वो! मी तर आपलं तुमच्या भ्यानं म्हनलं हुतं."

पण हसून झाल्यावर कोंडीराम फुटपाथवर बसला आणि त्याचा चेहरा बघवेना. घर मोडलं, दसरा जवळ आला, आणि आईला दिलेला शब्द मोडणार होता. सुंदराबाईनं जीपकडं बघितलं, मग बाबुरावकडं. "ही चालतीया नव्हं?"

"चालते की."

"मग घर ऱ्हाऊ द्या. चला."

"आये, झोपायचं कुठं?" कोंडीराम म्हणाला.

"बगू," ती म्हणाली आणि जीपमध्ये चढून बसली. हे तिनं कसं ठरवलं, ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. पिलांची टोपली तिनं मास्तरच्या हातात दिली. मोर्चानं वाट करून दिली आणि कुणीतरी घोषणाही दिली, "सुंदराकाकींचा विजय असो!"

नागपूरच्या त्या रस्त्यावर कोंडीरामला धर्मशाळा शोधावी लागलीच नाही. नाशिकच्या अलीकडं दिवे लागायच्या वेळी बाबुरावनं पाणी घालायला जीप थांबवली, तर जवळच्या वस्तीतून एक म्हातारी कंदील घेऊन आली आणि लांबूनच म्हणाली, "जयभीम! कुठनं आलासा?" भाकरी झाली, गोधड्या आल्या. दुसऱ्या दिवशी दुसरी वस्ती, तिसऱ्या दिवशी तिसरी. कुठं कुणी जात विचारली नाही. विचारलं ते एवढंच, की सामानाला वास कसला येतो. नागपूरला तर उघड्या मैदानात माणसाला माणूस लागून झोपलं होतं. तिथं वऱ्हाडातल्या एका बाईनं थोडं सरकून सुंदराबाईला जागा दिली. एरवी अर्धी रात्र खोकणारी सुंदराबाई सकाळपर्यंत गाढ झोपली.

उठल्यावर ती मुलाला म्हणाली, "लेका, तू घर घिऊन निगाला हुतास. घरं तर वाटंला उभी हुती."

पुढं एकेकाचं झालं ते असं. महाराष्ट्र मुंबईसह झाला. शिवा मास्तर महापालिकेवर निवडून आला, पण कुठल्याही व्यासपीठावर चढण्याआधी त्याच्यावरून बोट फिरवून ते हुंगायची सवय त्याची जन्मभर गेली नाही. पिवळ्या मांजरीची पिलं त्याच्याच रात्रीच्या शाळेत वाढली. बाबुरावनं जीप विकून टॅक्सी घेतली, मागं जाणारी. लहूनं होडी परत नेली, उलटी होती ती सुलटी केली, खिडकी-दाराला फळ्या ठोकल्या आणि पाण्यात घातली; ती आणखी कितीतरी वर्षं चालली. तुळसा सांगायची, "आमचे होडीला डोला हाय." बकुळाच्या घरात दळण आणायची पाळी कोंडीरामवर आली ती त्याच्या निवृत्तीनंतर, आणि ते काम त्यानं चांगलं केलं.

सुंदराबाई गेली ती बऱ्याच वर्षांनी, म्हातारी होऊन, झोपेत. दादरच्या स्मशानात लाकडं मोजून द्यायची वेळ आली तेव्हा कोंडीराम म्हणाला, "आंबा द्या." मग तो स्वतः त्या ढिगापाशी उकिडवा बसला आणि एकेक ओंडका उचलून, टकटक करून, कान लावून बाजूला काढायला लागला. बराच वेळ झाला तसं शिवा मास्तरनं, तोही आता पिकला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोंडीराम, अरे, जाळायचंच आहे ते."

"माहीत आहे, मास्तर," कोंडीराम हातातला ओंडका परत ठेवत म्हणाला. "पण ह्याला कीड आहे. तिला लगेच कळेल."